वेब डेव्हलपर निवडताना मुलाखत घेणारे नेमके काय पाहतात?

कोरी_पाटी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे. नोकरी सांभाळून मी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकलो असून आता रिॲक्टमध्ये (वेबपाने बांधण्यासाठीच्या तयार चौकटीत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये) छोटी ॲप्लिकेशन्स तयार करू शकतो. कनिष्ठ वेब डेव्हलपरच्या जागांसाठी अर्ज करण्याचा विचार आहे, परंतु जाहिराती वाचल्या की पाऊल अडखळते. एकाच जाहिरातीत रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट, नोड, दोन प्रकारचे डेटाबेस, डॉकर, क्लाउड सेवा आणि वर दोन-तीन वर्षांचा अनुभव अशी मागणी असते. हे सारे येणारा माणूस कनिष्ठ कसा, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी यांतले खरोखर काय तपासले जाते आणि काय केवळ लिहायचे म्हणून लिहिलेले असते, हे बाहेरून कळत नाही.

दाखवण्यासारखी माझी तीन कामे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहेत: कामांची यादी ठेवणारे ॲप, हवामान दाखवणारे ॲप आणि एका प्रसिद्ध व्हिडिओ संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल. ज्यांनी स्वतः मुलाखती घेतल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे, की पदवी, प्रमाणपत्रे, कामाचे नमुने आणि प्रत्यक्ष चाचणी यांपैकी कशाला किती वजन असते? आणि आता आणखी एखादे फ्रेमवर्क शिकावे, की आहे तेच पक्के करावे?

जुना_सर्व्हर

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत वेब विभागाचे काम पाहतो आणि तांत्रिक मुलाखती घेतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने जे दिसते ते सविस्तर लिहितो.

जाहिरातीची भीती बव्हंशी अनाठायी आहे. ती सहसा एकहाती लिहिलेली नसते. टीममधील प्रत्येक जण आपल्या गरजेचे एखादे नाव तीत घालतो, मनुष्यबळ विभाग मागच्या जाहिरातीतील मजकूर तसाच ठेवतो, आणि यादीतून काही वगळण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. म्हणून जी गोष्ट कामाच्या वर्णनातही पुन्हा येते ती खरी गरज समजावी आणि जी फक्त यादीच्या शेपटाला लटकलेली आहे ती असल्यास उत्तम, नसल्यास हरकत नाही, अशा वर्गातली समजावी. यादीतील निम्म्याअधिक गोष्टी येत असतील तर अर्ज करावा.

फ्रेमवर्कविषयी तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जेक्वेरी २००६ मध्ये आली, ॲंग्युलरजेएस २०१० मध्ये, रिॲक्ट २०१३ मध्ये आणि व्ह्यू २०१४ मध्ये. यांपैकी ॲंग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपलासुद्धा. या सर्व काळात एचटीटीपीची विनंती आणि उत्तर ही पद्धत, डॉमची (ब्राउझरने पानाच्या घटकांच्या केलेल्या मांडणीची) रचना, सीएसएसमधील नियमांचा अग्रक्रम आणि जावास्क्रिप्टचा इव्हेंट लूप (कामे रांगेतून एकेक उचलण्याची पद्धत) या गोष्टींचे मूळ तत्त्व कायम राहिले. ज्याला या गोष्टी समजल्या आहेत तो नवे फ्रेमवर्क कामावर रुजू झाल्यावरही उचलतो. ज्याला फक्त फ्रेमवर्क येते, त्याला काही बिघडले की कोठे पाहावे हेच सुचत नाही. त्यामुळे सध्या तुम्ही दुसऱ्या फ्रेमवर्कच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार नेमून देता येणारी जावास्क्रिप्ट) मात्र शिकावे, कारण रिॲक्टच्या नव्या प्रकल्पांत ते आता सर्रास असते.

मुलाखतीत मी काय करतो ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. मी उमेदवाराला शोधपेटी असलेले एक लहान पान देतो. पेटीत अक्षर टाइप केले की प्रत्येक वेळी सर्व्हरकडे विनंती जाते आणि खाली निकाल दिसतात. तक्रार अशी असते, की कधी कधी पेटीत पूर्ण शब्द दिसत असूनही खाली निकाल मात्र अर्ध्या शब्दाचे राहतात. दोष कोठे आहे, एवढेच शोधायचे असते. विनंत्या ज्या क्रमाने पाठवल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील याची कोणतीही हमी नसते. आधीच्या विनंतीचे उत्तर उशिरा आले तर ते नव्या निकालांवर येऊन बसते. हे ओळखले की उपाय अनेक आहेत. नवी विनंती पाठवण्यापूर्वी जुनी ब्राउझरच्या ॲबॉर्ट-कंट्रोलर या सोयीने रद्द करता येते, किंवा प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाचेच उत्तर स्वीकारता येते. पुष्कळ उमेदवार लगेच सांगतात, की टाइप करणे थांबेपर्यंत थोडे थांबून मग विनंती पाठवावी. त्याने विनंत्यांची संख्या कमी होते, पण मूळ दोष जात नाही, तो फक्त विरळ होतो. एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो आणि त्या अर्ध्या तासात मला उमेदवाराविषयी जे कळते ते प्रमाणपत्रांच्या जाड फाइलमधूनही कळत नाही.

यात उत्तर बरोबर येणे हा एक भाग झाला. उमेदवार ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतील नेटवर्क विभाग स्वतःहून उघडतो का, दोष मुद्दाम पुन्हा घडवून पाहतो का, की दिसेल ती ओळ बदलून पान पुन्हा पुन्हा लोड करत बसतो, याकडे माझे अधिक लक्ष असते. अडल्यावर "मला हे ठाऊक नाही, पण मी असे तपासून पाहीन" असे म्हणणारा उमेदवार मला नेहमीच आश्वासक वाटतो. कारण कंपनीतील पहिले वर्ष हे बहुतांशी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात, त्यातील दोष शोधण्यात आणि त्यात थोडी भर घालण्यात जाते. कोऱ्या फाइलपासून सुरुवात करण्याचा प्रसंग नवख्याच्या वाट्याला क्वचितच येतो, आणि नेमका तेवढाच सराव बहुतेक अभ्यासक्रम करून घेतात.

तुमच्या तीन कामांविषयी थोडे कठोर लिहितो. ही तिन्ही कामे आम्हाला जवळजवळ प्रत्येक अर्जात दिसतात. त्यामुळे ती वाईट ठरत नाहीत, पण त्यांतून तुम्ही कोण आहात हे कळत नाही. तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, नोकरी करता. तुमच्या कार्यालयात आजही हाताने होणारे एखादे कंटाळवाणे काम असेलच. ते सोपे करणारे छोटे साधन तयार करा, दोन-तीन सहकाऱ्यांना वापरायला द्या आणि त्यांच्या तक्रारींवरून त्यात बदल करा. दुसऱ्या कोणी वापरलेल्या कामात जे प्रश्न उभे राहतात, ते स्वतःपुरत्या ॲपमध्ये कधीच उभे राहत नाहीत. कार्यालयाची खरी माहिती मात्र त्यात घालू नका. नमुन्याची आकडेवारी वापरा.

अर्धविराम

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु त्यात मोठ्या टीमचे चित्र आहे. मी लहान संस्था चालवतो आणि आमच्याकडे निवडीचे निकष बरेच वेगळे आहेत, म्हणून भर घालतो.

आमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा वेगळा माणूस नसतो. त्यामुळे मी असा माणूस शोधतो जो एखादे काम टोकापासून टोकापर्यंत नेऊ शकेल: डोमेनच्या डीएनएस नोंदी (संकेतस्थळाच्या नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणाऱ्या) कशा करायच्या, संकेतस्थळ प्रत्यक्ष कसे चढवायचे, बॅकअप कोठे आहे आणि तो परत बसवून कधी पाहिला आहे का, हे त्याला ठाऊक असावे. या सगळ्यात तो निष्णात असावा, ही अपेक्षा नाही. पण "माझ्या संगणकावर तर चालते" येथे त्याचे काम संपू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कनिष्ठ उमेदवारालाही सवलत देत नाही. वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील वाक्यात थेट जोडलेला दिसला की माझी मुलाखत बहुधा तेथेच थांबते. ती माहिती पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवायची असते, आणि हा उपाय इतका जुना व सर्वज्ञात आहे की त्याचे अज्ञान क्षम्य ठरवणे अवघड जाते. पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये, त्यासाठी बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारखी मुद्दाम संथ ठेवलेली हॅश पद्धत (उलट फिरवता न येणारे रूपांतर) वापरावी. फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्ये केली असली तरी सर्व्हरवर ती पुन्हा करावी, कारण ब्राउझरमधील तपासणी कोणालाही वगळता येते. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची दहा प्रमुख धोक्यांची यादी विनामूल्य उपलब्ध आहे. ती एकदा शांतपणे वाचली तरी पुष्कळ उमेदवारांच्या पुढे जाता येते.

आणखी एक गोष्ट, जी गिटहब पाहताना मी सर्वांत आधी तपासतो. हवामानाच्या ॲपमध्ये बाहेरील सेवेची एपीआय की (सेवा वापरण्यासाठीचा गुप्त संकेत) वापरावी लागते, आणि ती की अनेकांच्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) उघडी पडलेली असते. लक्षात आल्यावर लोक ती पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) काढून टाकतात, पण गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. योग्य उपाय म्हणजे ती की संबंधित सेवेकडे जाऊन रद्द करणे आणि नवी घेणे. धागालेखकांनी आपले हवामानाचे ॲप या दृष्टीने आजच तपासावे. केवळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपमध्ये की लपवताच येत नाही, ती मधल्या एखाद्या लहान सर्व्हरवर ठेवावी लागते, हेही तेव्हाच कळेल.

दारावरची_पाटी

मी तांत्रिक क्षेत्रातील व्यक्ती नाही. अर्जांची पहिली चाळणी करते. पदवीविषयी विचारले आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

काही संस्थांत संगणकशास्त्राच्या पदवीची अट खरोखर असते आणि तेथे ती नसलेला अर्ज पुढे जात नाही. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. जेथे "किंवा समकक्ष अनुभव" असे लिहिलेले असते, तेथे तांत्रिक विभाग कामाचे नमुने पाहतो आणि पदवीचा विषय सहसा निघत नाही. लहान अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांनी अर्ज अडत नाही आणि त्यांच्या बळावर निवडही होत नाही. एक-दोन लिहिली तरी पुरे.

अर्जात कौशल्यांपुढे तारे किंवा टक्केवारी देऊ नये. "जावास्क्रिप्ट ८५ टक्के" याचा अर्थ तांत्रिक विभागालाही लावता येत नाही, आणि मुलाखतीत मग उरलेल्या पंधरा टक्क्यांवरच प्रश्न येतात. त्यापेक्षा एका कामाविषयी तीन-चार सरळ वाक्ये लिहावीत: अडचण काय होती, तुम्ही काय केले, त्यामुळे काय बदलले. दुवे देत असाल तर पाठवण्यापूर्वी ते उघडून पाहावेत. बंद पडलेला दुवा इतक्या वेळा दिसतो, की चालू दुवा हीच एक जमेची बाजू वाटू लागली आहे.

उलटा_कौल

येथे जरा विरोधी सूर लावतो. वरचे प्रतिसाद वाचून नवख्या माणसाचा असा समज होईल, की सगळीकडे समंजसपणे दोषशोधन करवून घेतात. वस्तुस्थिती तशी नाही. अनेक मोठ्या कंपन्यांत पहिली फेरी आजही ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, ट्री यांवरील कोड्यांची असते, घड्याळ लावून असते, आणि तीत अडकलेल्या उमेदवाराचे गिटहब कोणी उघडतही नाही. वेब डेव्हलपरच्या रोजच्या कामाशी त्या कोड्यांचा संबंध कमी आहे, हे मलाही मान्य आहे. पण अर्जांची संख्या मोठी असली की कंपनीला यंत्राने तपासता येईल अशी चाळणी हवी असते, आणि तिच्यावर रागावून काही साधत नाही. निदान एखादी यादी क्रमाने लावणे, तीत शोध घेणे, पुनरावृत्ती काढणे, आणि आपल्या उत्तराला माहितीच्या आकाराप्रमाणे किती वेळ लागेल हे सांगणे, एवढी तयारी ठेवावी.

दुसरा मुद्दा घरी करायला दिल्या जाणाऱ्या कामाचा. काही तासांचे काम असेल आणि त्यावर नंतर चर्चा होणार असेल तर ते जरूर करावे. परंतु आठवडाभर पुरेल असे संपूर्ण ॲप्लिकेशन मागितले, तेही कंपनीच्या स्वतःच्या व्यवसायाला जसेच्या तसे उपयोगी पडेल असे, तर नम्रपणे नकार द्यावा. मुलाखतीत पारख दोन्ही बाजूंनी होत असते. कोड रिव्ह्यू कोण करते, चाचण्या लिहिल्या जातात का, नव्या माणसाला पहिल्या महिन्यात कोणाच्या हाताखाली ठेवतात, हे प्रश्न उमेदवाराने विचारलेच पाहिजेत. त्यांवर गोलमोल उत्तर मिळाले तर तेही एक उत्तरच असते.

कोरी_पाटी (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवामानाच्या ॲपमधील की खरोखरच उघडी होती. ती रद्द करून टाकली आहे.

दोन उपप्रश्न आहेत. पहिला असा, की कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मी शिकताना वापरली आहेत. हे मुलाखतीत सांगावे की लपवावे? आणि दुसरा, काही जाहिरातींत "ॲक्सेसिबिलिटीचे ज्ञान आवश्यक" (म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे याचे) असे असते. कनिष्ठ उमेदवाराकडून त्यात कितपत अपेक्षा असते?

जुना_सर्व्हर

@उलटा_कौल, कोड्यांविषयीचा मुद्दा योग्य आहे. मी आमच्याकडील पद्धत सांगितली. ती सार्वत्रिक नाही.

पहिल्या उपप्रश्नाविषयी: लपवू नये. टीममधील अनेक जण ही साधने वापरतात, त्यामुळे वापर हा आक्षेपाचा मुद्दा राहिलेला नाही. मुलाखतीत साधन वापरण्यास परवानगी आहे का, हे मात्र आधी स्पष्ट विचारावे, आणि नाही म्हटले तर त्याचे कसोशीने पालन करावे. मी स्वतः उमेदवाराने सादर केलेल्या कोडमधील एखादी ओळ निवडून ती का आहे, ती काढली तर काय होईल आणि तिच्याऐवजी दुसरे काय चालले असते, असे विचारतो. रिॲक्टमधील यूज-इफेक्टच्या अवलंबन यादीत (कशात बदल झाल्यावर कोड पुन्हा चालावा हे सांगणाऱ्या यादीत) एखादे नाव का घातले आहे, हा साधा प्रश्नसुद्धा पुरेसा ठरतो. कोड कोणी टाइप केला याला आता फारसे महत्त्व नाही. त्याची जबाबदारी घेता येते का, याला आहे. या साधनांचा कोड दिसायला नेटका असतो आणि त्यातील चूक बहुधा कडेच्या प्रसंगांत दडलेली असते: यादी रिकामी असेल तर, नेटवर्क मध्येच तुटले तर, वापरकर्त्याने बटण दोनदा दाबले तर. हे प्रसंग स्वतःहून तपासणारा आणि त्यांसाठी दोन-चार चाचण्या लिहून ठेवणारा कनिष्ठ उमेदवार मिळाला, तर आमच्यासारखे लोक त्याच्या अनुभवाची वर्षे मोजत बसत नाहीत.

सरळ_रेघ

ॲक्सेसिबिलिटी हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्याने दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर मी देते.

डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वे या क्षेत्रात प्रमाण मानली जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय संघाचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाल्यानंतर तेथील ग्राहकांना ऑनलाइन विक्रीसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांना हा विषय टाळता येत नाही. जाहिरातींत ही ओळ दिसण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

कनिष्ठ उमेदवाराला तत्त्वे पाठ असावीत, अशी अपेक्षा कोणी करत नाही. मी उमेदवाराचे एखादे पान उघडते, माउस बाजूला ठेवते आणि केवळ टॅब व एंटर या कळांनी ते वापरून पाहते. जेथे बटण हवे तेथे डिव्ह (एचटीएमएलमधील साधी चौकट) वापरून त्याला क्लिकचा इव्हेंट जोडलेला असेल, तर कीबोर्डने तेथे पोहोचताच येत नाही आणि स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या साधनालाही) ते बटण आहे हे कळत नाही. खरे बटण वापरले असते तर या दोन्ही गोष्टी विनासायास मिळाल्या असत्या. त्यानंतर फॉर्ममधील प्रत्येक चौकटीला लेबल जोडले आहे का, मथळ्यांचा क्रम सुसंगत आहे का, आणि साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ ला १ आहे का, एवढे पाहते. फोकसची चौकट (कीबोर्डने सध्या कोठे आहोत हे दाखवणारी रेघ) दिसायला बरी नाही म्हणून सीएसएसमधून काढून टाकणे हा तर इतका प्रचलित दोष आहे, की ती जागेवर दिसली तरी मला समाधान वाटते.

पानाच्या वेगाविषयी अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून तेही जोडते. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सप्रमाणे पानावरील सर्वांत मोठा दृश्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, वापरकर्त्याच्या कृतीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणीच्या हलण्याचे मोजमाप ०.१ च्या आत राहावे, असे अपेक्षित असते. क्रोममधील लाइटहाउस हे साधन आपल्याच पानावर चालवून पाहावे. त्यातून या तीनपैकी दुसरे मोजमाप थेट मिळत नाही, कारण ते प्रत्यक्ष वापरातून मोजावे लागते. उरलेल्या दोहोंचा अंदाज मात्र चांगला येतो.

धागालेखकांना माझी सूचना अशी आहे, की व्हिडिओ संकेतस्थळाची नक्कल टाकून देऊ नये. तीच घ्यावी, माउसशिवाय चालेल अशी करावी, चित्रांना रुंदी व उंची देऊन मांडणीचे हलणे थांबवावे, आणि प्रत्येक बदलाचे वेगळे कमिट करून कारण स्पष्ट लिहावे. मुलाखतीत "ही तर नक्कल आहे" असे कोणी म्हणाले तर मूळ पान आणि तुमचे पान शेजारी उघडून टॅबची कळ दाबून दाखवता येईल.

अर्धविराम

@सरळ_रेघ यांची सूचना उत्तम आहे. त्यात एवढेच जोडतो, की त्या रिपॉझिटरीच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) प्रकल्प कसा चालवायचा, त्यात काय अपुरे आहे आणि ते अपुरे का ठेवले आहे, हे जरूर लिहावे. नव्या संगणकावर तेवढ्याच सूचना पाहून प्रकल्प चालू होतो की नाही, हे एखाद्या मित्राकडून तपासून घ्यावे आणि मगच दुवा अर्जात द्यावा.